इंग्रज सहकाऱ्यांसाठी दोन पानी इटालियन: उच्चार कसा लिहायचा आणि ‘प्रेगो’चं काय करायचं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ऑफिसातली बाराएक इंग्रज मंडळी तीन महिन्यांसाठी इटलीतल्या तोरिनोला (इंग्रजीतलं ट्युरिन) चालली आहेत. तुम्ही पुण्यात असताना इटालियनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, तेवढ्यावरून साहेबांनी हे काम तुमच्या गळ्यात घातलं. रोज लागणारे शब्द आणि वाक्यं, शेजारी इंग्रजी अक्षरांत उच्चार, त्याच्या शेजारी इंग्रजी अर्थ, सगळं दोन पानांत. कागद तयार झालाय. पण तो वाचून सहकारी जे बोलतात त्याला इटालियन म्हणवत नाही, ‘प्रेगो’च्या अर्थाच्या रकान्यात सहा शब्द झालेत, आणि मराठीमुळे तुम्हाला जे सहज जमलं ते यांना का जमत नाही याचं तुम्हाला नवल वाटतंय.

मी बावीस वर्षं इटालियन शिकवते आहे, त्यातली निम्मी इंग्रजीभाषक प्रौढांना. असले दोन पानी कागद मी ढिगाने केले आणि सुरुवातीचे सगळे फुकट गेले. तेव्हा आधी कडू औषध देते: तीन रकान्यांपैकी मधला, उच्चाराचा, काढून टाका. तिसरा ठेवा, पण त्यात अर्थ लिहू नका.

मधला का काढायचा? इंग्रजीत अक्षराला स्वतःचा असा ठरलेला आवाजच नाही. प्रवासाच्या खिशातल्या पुस्तकांत ‘प्रेगो’चा उच्चार लिहिताना प्रार्थनेचा इंग्रजी शब्द आणि ‘जा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द जोडून देतात. वाचणारा ते अगदी बरोबर वाचतो: ‘प्रेइ-गोउ’. चूक त्याची नाही. त्याचा ‘ए’ शेवटी ‘इ’कडे घसरतो, ‘ओ’ ‘उ’कडे घसरतो, आणि त्याच्या अक्षरांत सरळ ‘ए’ लिहायची सोयच नाही. आपण ‘प्रेगो’ लिहिलं की संपलं. आभारांच्या ‘ग्रात्स्ये’चं तर आणखी वाईट होतं. तीन-चार तुकडे करून, आडव्या रेघा मारून लिहिलेला उच्चार तोंडातून निघतो ‘ग्राट्सी’ असा. शेवटचा ‘ए’ गडप, कारण आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नसलेला स्वर गिळायचा ही इंग्रजीची सवय आहे. इटालियनमध्ये कुठलाच स्वर गिळत नाहीत. ‘बनाना’ या शब्दात इंग्रज माणूस एकच ‘आ’ म्हणतो आणि बाकीचे दोन पुसट करतो. इटालियन तिन्ही ‘आ’ पूर्ण म्हणतो.

याउलट इटालियन लिपी प्रामाणिक आहे. मूळची एकवीस अक्षरं, नियम मोजके, आणि लिहिलंय तसंच बोलायचं. मग त्या बिचाऱ्यांना इंग्रजी सोंगातून कशाला न्यायचं? मधल्या रकान्याची जागा वाचवा आणि पानाच्या डोक्यावर सहा-सात ओळींत नियम द्या. प्रत्येक नियमाला त्यांच्या तोंडात आधीच असलेला एखादा शब्द खुंटीसारखा ठोका.

पहिली खुंटी मिकेलान्जेलो. त्याच्या नावाच्या सुरुवातीचा भाग इंग्रज लोक ‘मायकल’ करून टाकतात, पण त्यातला ‘क’ आणि पुढचा ‘ज’ त्यांना बरोबर येतो, आणि आपल्याला तेवढंच हवंय. सी आणि जी या अक्षरांपुढे ई किंवा आय आला की ‘च’ आणि ‘ज’. मध्ये एच घातला की परत ‘क’ आणि ‘ग’. एच स्वतः मुका, त्याचं काम फक्त पहारेकऱ्याचं. ‘लाम्बोर्गीनी’ला कुणी ‘लाम्बोर्जीनी’ म्हणत नाही, ‘स्पागेत्ती’ला कुणी ‘स्पाजेत्ती’ म्हणत नाही, म्हणजे नियम त्यांना येतो, फक्त येतो हे माहीत नाही. एकदा हे दाखवलं की ‘ब्रुशेटा’ मागणारी मंडळी आपोआप ‘ब्रुस्केत्ता’वर येतात आणि ‘क्यान्ती’ वाइनला ‘चियान्टी’ म्हणत नाहीत. उलट बाजूने, सी किंवा जीनंतरचा आय पुष्कळदा नुसता मऊपणा आणायला असतो, त्याला आवाज नसतो: ‘जोर्जो’, ‘जिऑर्जिओ’ नव्हे.

एसपुढे सी आणि नंतर ई किंवा आय आला की ‘श’. खुंटी: संगीतातला ‘क्रेशेन्दो’, तो इंग्रजांना माहीत असतो. त्यावरून ‘प्रोशुत्तो’, बाहेर जाण्याच्या दारावरची ‘उशीता’ ही पाटी, आणि तीन महिन्यांत त्यांना हमखास भेटणारा ‘शोपेरो’, म्हणजे संप. जीएन एकत्र आले की लझान्यातला ‘न्य’, जरा जिभेचा मधला भाग टाळूला दाबून. ‘जीएलआय’ दिसलं की त्यांचा ‘मिलियन’मधला आवाज, आपल्याला ‘आल्या-गेल्या’तला ‘ल्य’ असल्यामुळे ‘फामील्या’ फुकटात मिळतो. झेड म्हणजे बहुतेक वेळा ‘त्स’, आणि इथे खुंटी तोरिनोचीच आहे: 1895 साली तिथे सुरू झालेली लावात्सा कॉफी इंग्लंडातल्या प्रत्येक सुपरमार्केटात मिळते. मराठी माणसाने ‘चमचा’तला पहिला ‘च’ म्हणावा, झालं. आपल्याकडे ‘पिझ्झा’ इंग्रजीमार्गे आला म्हणून, नाहीतर ‘पित्सा’ म्हणायला लागणारा आवाज आपल्या घरचाच आहे.

शेवटचा ई नेहमी वाजतो, हे मात्र मोठ्या अक्षरांत लिहा. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण महाराष्ट्रात धावतं. प्याज्जो कंपनीने इटलीत 1946 साली ‘वेस्पा’ काढली आणि 1948 साली तीनचाकी ‘आपे’. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी, आपे म्हणजे मधमाशी, कामाची म्हणून. त्या कंपनीचा कारखाना बारामतीला आहे आणि आपल्या गावोगावचे लोक ‘ॲपे रिक्षा’ म्हणतात. तेच नाव इंग्रज माणूस वाचतो तेव्हा त्याला माकड दिसतं. इंदापूरचा ॲपेवाला या बाबतीत ऑक्सफर्डच्या पदवीधरापेक्षा इटालियनच्या जवळ आहे, हे मी वर्गात दरवर्षी सांगते.

आता तुमच्या कानाला जे खटकतं पण नाव देता येत नाही ते. इंग्रजांचा ‘टी’ हा आपल्या कानाला ‘ट’ वाटतो आणि इटालियन ‘त’ म्हणतो. ‘तोरिनो’, ‘त्रात्तोरीया’, ‘दोमानी’, सगळं दातांवर. आपली वर्तमानपत्रं इटालियन नावं इंग्रजीतून उचलतात म्हणून ‘टोरिनो’ छापतात, हा दोष आपलाही. शिवाय इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क बरोबर हवा सुटते. ‘पापा’ म्हणायला गेले की अर्धा ‘फाफा’ होतो. त्यांना महाप्राण-अल्पप्राण समजावू नका, डोकं धरून बसतील. तोंडासमोर कागदाचा पातळ तुकडा धरायला सांगा. ‘पॉट’ म्हटल्यावर तो हलतो, ‘स्पॉट’ म्हटल्यावर हलत नाही. स्पॉटमधला तो ‘प’ इटालियन. स्टॉपमधला ‘ट’ थोडा पुढे दातांकडे सरकवला की ‘त’. पाच मिनिटांत जमतं, आणि ऑफिसात हशाही होतो.

‘र’बद्दल एकच सूचना. दक्षिण इंग्लंडची मंडळी व्यंजनाआधीचा ‘र’ खातात. ‘कार्ने’चं ‘काऽने’ होतं, ‘फोर्नो’चं ‘फोऽनो’. थरथरता ‘र’ आला नाही तरी चालेल, पण काहीतरी ‘र’ म्हणा म्हणावं. गटात कुणी स्कॉटिश असेल तर त्याला पुढे बसवा आणि बाकीच्यांना त्याची नक्कल करू द्या.

इतकं सगळं साधलं नाही तरी निभेल. जे साधलंच पाहिजे ते जोडाक्षर, म्हणजे एकच व्यंजन दोनदा. मराठी बोलणाऱ्याला इथे काहीच करावं लागत नाही. खडा आणि खड्डा, मका आणि मक्का, पता आणि पत्ता यांत फरक आहे हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. इंग्रजीत लिहिताना दुहेरी अक्षरं पुष्कळ, पण शब्दाच्या आत बोलताना ती एकच. त्यामुळे इंग्रज डोळ्यांनी दोन ‘एन’ बघतो आणि कानाने एकच ऐकतो, आणि त्याला वाटतं आपण बरोबर म्हणालो.

इटालियनमध्ये यावर अर्थ उलटतो. ‘कासा’ घर, ‘कास्सा’ गल्ला. ‘सेते’ तहान, ‘सेत्ते’ सात. ‘पाला’ फावडं, ‘पाल्ला’ चेंडू. ‘नोनो’ नववा, ‘नोन्नो’ आजोबा. ‘सोनो’ मी आहे, ‘सोन्नो’ झोप. ‘कापेल्लो’ केस, ‘काप्पेल्लो’ टोपी. आणि दोन जोड्या अशा की मी त्या पहिल्याच तासाला, सरळ चेहऱ्याने सांगते, म्हणजे पुढची फजिती टळते. वय सांगताना ‘आन्नी’ म्हणजे वर्षं. एक ‘न’ गिळलात तर तुम्ही चाळीस वर्षांचे नसून तुमच्या शरीरावर चाळीस जागा अशा आहेत ज्यांचा उल्लेख चारचौघांत करत नाहीत. ‘पेन्ने’ हा पास्त्याचा प्रकार मागतानाही तेच. एका ‘न’चा शब्द शरीरशास्त्राच्या पुस्तकात पुरुषांच्या प्रकरणात येतो. वेटर काही बोलत नाही. तो फक्त ऑर्डर जरा जास्तच मोठ्याने आत सांगतो.

शिकवायची युक्ती अशी. इंग्रजीत शब्दाच्या आत दुहेरी व्यंजन नाही, पण दोन शब्द चिकटले की आहे. ‘पेन’ आणि ‘नाइफ’ जोडून जो खिशातला चाकू होतो त्यात ते ‘न’ वर क्षणभर थांबतात. ‘बुककेस’मध्ये ‘क’वर थांबतात. ‘बस स्टॉप’मध्ये ‘स’ लांबवतात. म्हणजे स्नायूंना सवय आहे. त्यांना सांगा, ‘पेन्ने’ म्हणताना पेननाइफचा ‘न’ म्हणा; ‘कास्सा’ म्हणताना बस स्टॉपचा ‘स’. आणि दुसरी अर्धी युक्ती, जी बहुतेक पुस्तकं सांगत नाहीत: आघात असलेला स्वर एकेरी व्यंजनाआधी लांब होतो आणि दुहेरीआधी आखूड. ‘काऽसा’ आणि ‘कास्सा’, ‘पाऽला’ आणि ‘पाल्ला’. ज्याला व्यंजन लांबवता येत नाही त्याला स्वर आखूड करायला सांगा, व्यंजन मागोमाग येतं.

तोरिनोत आणखी एक ऐकायला मिळेल. दोन स्वरांमधला ‘स’ उत्तरेत घोष होतो, ‘कासा’चा जवळजवळ ‘काझा’. तुमच्या सहकाऱ्यांना हा आवाज इंग्रजीमुळे येतो. अडचण आपलीच, कारण आपला ‘झ’ म्हणताना जीभ टेकते आणि इथे ती टेकवायची नाही. फिरेन्त्सेला, म्हणजे फ्लोरेन्सला, कुणी सुट्टीत गेलं तर तिथे ‘ला काझा’चं ‘ला हासा’ झालेलं ऐकून घाबरू नये. त्या भागाचे, म्हणजे तोस्काना प्रांताचे, लोक स्वरांमधला ‘क’ फुंकतात. बाकीची इटली यावरून त्यांची चेष्टा करते. आणि हो, स्टेशनावर ‘फ्लोरेन्स’ची पाटी शोधत बसू नये, तिथे फिरेन्त्सेच लिहिलेलं असतं, तसंच नापोली, वेनेत्स्या, जेनोवा. उघडा ‘ए’ आणि मिटलेला ‘ए’ ही भानगड मात्र कागदावर आणूच नका. तोरिनोचे लोकही तो फरक तोस्कानासारखा पाळत नाहीत.

आघाताचं. साधारणपणे शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चाराचा तुकडा), आणि शेवटच्यावर असेल तरच लिहून दाखवतात: ‘चित्ता’ म्हणजे शहर, ‘काफ्फे’, ‘पेर्के’. उरलेले शब्द लक्षात ठेवायचे. तुमच्या कागदावर असे डझनभर तरी असतील, त्यांच्या आघाताच्या स्वराखाली टिंब द्या: माक्किना, त्सुक्केरो, तेलेफोनो, नूमेरो, ताव्होलो, साबातो, सूबितो, शोपेरो. यांत तेलेफोनोचा आघात ‘ले’वर, बाकीच्यांचा पहिल्याच अक्षरावर. गावांची नावं हमखास चुकतात: बेर्गामोचा आघात ‘बेर’वर, रिमिनीचा पहिल्या ‘रि’वर, ब्रिंदिझीचा ‘ब्रिन’वर. ‘आंकोरा’चा आघात पहिल्या ‘आं’वर असेल तर जहाजाचा नांगर, मधल्या ‘को’वर असेल तर ‘अजून’. शिक्षक लोकांचा आवडता नमुना ‘कापितानो’ आहे. आघात तीन ठिकाणी हलवला की ‘घडतात’, ‘कप्तान’ आणि ‘त्याने नेतृत्व केलं’ असे तीन अर्थ. हे कागदावर नको, जेवणाच्या टेबलावर चालेल.

आता तिसरा रकाना. अर्थ लिहू नका म्हणाले, त्याऐवजी ‘कधी म्हणायचं’ असं शीर्षक द्या. ‘प्रेगो’समोर तुमचे सहा शब्द झाले कारण तो शब्दच नाही, तो हावभाव आहे. मूळ क्रियापद विनवणीचं, ‘मी प्रार्थना करतो’ इतकंच. पण आज तो कधी येतो बघा. कुणी आभार मानले: प्रेगो. दार धरून दुसऱ्याला आधी जाऊ दिलं: प्रेगो. दुकानदाराची नजर तुमच्याकडे वळली: प्रेगो? ताट समोर ठेवलं: प्रेगो. नीट ऐकू आलं नाही, आवाज वर नेऊन: प्रेगो? मराठीत याला सगळ्यात जवळचं काही असेल तर ते शब्द नसून ‘ना’ आहे: या ना, बसा ना, घ्या ना. इंग्रजीत असा ‘ना’ नाही, म्हणून त्यांना सहा वाक्यं लागतात. कागदावर लिहा: ‘समोरच्याला वाट, जागा, वस्तू किंवा पाळी देताना; आणि आभारांना उत्तर म्हणून.’ एक सावधगिरी तेवढी नक्की टाका: ‘प्रेगो’ म्हणजे इंग्रजीतलं ‘प्लीज’ नव्हे. ‘एक कॉफी, प्रेगो’ असं म्हणणारा माणूस जर्मन असावा असं कॉफीच्या बारवाल्याला वाटतं, कारण जर्मनमध्ये एकच शब्द दोन्हीकडे चालतो. मागताना ‘पेर फावोरे’.

आणि मागताना इंग्रजी वाक्य उलथून घालू नये. ‘मला एक कॉफी मिळू शकेल का’ असं लांबण लावायची गरज नाही. ‘उन काफ्फे, पेर फावोरे’ पुरे, आणि ते उद्धट नाही. ‘काफ्फे’ म्हणजे एस्प्रेसोच. ‘लात्ते’ मागितलं तर पेला भरून दूध येतं, कारण तुम्ही दूधच मागितलंत. बऱ्याच बारमध्ये आधी कास्सावर पैसे, मग ‘स्कोन्त्रीनो’, म्हणजे पावती, घेऊन कॉफीच्या ओट्याशी. ओट्याशी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलावर बसलात तर पुष्कळदा महाग.

ओट्यामागचा माणूस म्हणेल ‘दीका!’ किंवा ‘मी दीका’. शब्दशः ‘सांगा’ किंवा ‘मला सांगा’. हे इंग्रजीत उतरवलं की हुकूम वाटतो आणि इंग्रज मंडळी दुखावतात. मी दोघांना खरोखर दुखावलेलं पाहिलंय. तुम्ही मात्र हसाल, कारण हा आपल्या किराणा दुकानातला ‘बोला!’ आहे. जसाच्या तसा. तिसऱ्या रकान्यात लिहा: ‘तुमची पाळी आली, आता मागा.’

‘दाय’ याहून वाईट. लिहिताना तीन अक्षरं, उच्चार नेमका इंग्रजीतल्या मरण्याच्या क्रियापदासारखा. बागेत आई पोराला ओरडते ‘दाय! दाय!’ आणि बाकावरचा इंग्रज पांढरा पडतो. ती म्हणतेय ‘चल रे, आटप’. मित्राला आग्रह करतानाही ‘दाय’, विश्वास बसत नाही तेव्हाही ‘दाय!’, म्हणजे ‘काहीतरीच काय’.

‘मागारी’ मराठी कानाला माघारी जायला सांगतो, पण ग्रीकमधून आलेला हा शब्द दोन कामं करतो. वाक्यात आला तर ‘कदाचित’. एकटा, सुस्काऱ्यासह आला तर ‘कुठलं आमचं नशीब!’ तोरिनोतल्या सहकाऱ्याला विचारलं, ‘ऑगस्टभर सुट्टी का?’ आणि तो म्हणाला ‘मागारी!’, तर शब्दकोश उघडणारा इंग्रज समजतो की कदाचित असेल. नाहीये. असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणतोय. ‘बोह’ला ‘कुणास ठाऊक’, खांदे उडवून. ‘फिगूराती’ आणि आदराने ‘सी फिगूरी’ म्हणजे ‘अहो, त्यात काय!’

कुणाच्या घरात पाऊल टाकताना ‘पेर्मेस्सो’ म्हणायचं, आतून बोलावलेलं असलं तरी. आपण उंबऱ्यावरून ‘येऊ का?’ म्हणतो तेच. हे इंग्रज लोकांना कुणी सांगत नाही आणि ते न म्हणता आत शिरतात. ‘ब्वोन लावोरो’ला इंग्रजीत काहीच नाही, कामाला लागणाऱ्याला शुभेच्छा द्यायची. परीक्षेला किंवा महत्त्वाच्या बैठकीला जाणाऱ्याला ‘इन बोक्का आल लूपो’, लांडग्याच्या तोंडात जा. यावर आभार मानायचे नाहीत असा संकेत आहे, उत्तर ‘क्रेपी’, मरू दे तो लांडगा. हल्ली काही जण आभार मानतात, पण जुन्या माणसांसमोर नको.

‘तू’ आणि ‘लेइ’ हे तुम्हाला दोन ओळींत समजेल, त्यांना अर्धं पान लागेल. इंग्रजीने आपला ‘तू’ कधीच गमावला. आपल्याकडे तू-तुम्ही-आपण आहे, इटालियनमध्ये अनोळखी किंवा मोठ्या माणसाला ‘लेइ’, आणि त्याचं क्रियापद तृतीय पुरुषी चालतं, पुरुषालाही जणू ‘ती’ म्हणावं तसं. मुसोलिनीच्या राजवटीने 1938 साली ‘लेइ’ हद्दपार करून ‘वोइ’ लादला होता. राजवट गेली, ‘लेइ’ राहिला. कागदावर व्याकरण देऊ नका, नुसत्या जोड्या द्या: ‘माफ कर’साठी ओळखीत ‘स्कूझा’, परक्यांत ‘स्कूझी’, ‘ऐक’साठी ओळखीत ‘सेन्ती’, परक्यांत ‘सेन्ता’. आणि भेटताना-निघताना म्हणायचा ‘चाव’ फक्त ओळखीत. तो वेनिसच्या बोलीतल्या ‘आपला दास’ या नम्र शब्दातून आला खरा, पण आज पोलिसाला किंवा तोरिनोच्या कारखान्यातल्या मोठ्या साहेबांना पहिल्या दिवशी चाव म्हणू नये. ‘साल्वे’ मधला मार्ग आहे.

फसवे शब्द दुसऱ्या पानाच्या तळाला द्या, पण निवडून. नळावर सी लिहिलेलं असेल तर पाणी गरम: ‘काल्दो’. ‘कामेरा’ खोली. ‘पारेन्ती’ नातेवाईक, आईवडील नव्हेत. ‘साले’ ऐकून तुम्ही दचकाल, त्यांना दुकानात सूट लागल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात ते मीठ आहे, आणि सूट म्हणजे ‘साल्दी’. जॅममध्ये ‘प्रेझेर्वातीवी’ आहेत का असं विचारू नये, ती वस्तू औषधाच्या दुकानात मिळते आणि जॅमशी तिचा संबंध नाही. ‘फात्तोरीया’ म्हणजे शेतवाडी. कारखाना ‘फाब्ब्रिका’, आणि ज्या गावाला ही मंडळी चालली आहेत तिथे 1899 साली निघालेल्या फियातच्या नावातला पहिला ‘फ’ तोच आहे.

पण ऑफिसच्या दृष्टीने खरा धोका दोन शब्दांत आहे आणि ते कुठल्याही पर्यटकी यादीत नसतात. ‘आत्त्वालमेन्ते’ म्हणजे ‘सध्या’, इंग्रजीतल्यासारखं ‘खरं तर’ नव्हे. आणि ‘एव्हेन्त्वालमेन्ते’ म्हणजे ‘गरज पडल्यास, जमल्यास’. पुरवठादाराने मेलमध्ये लिहिलं की एव्हेन्त्वालमेन्ते सोमवारी माल देऊ, तर इंग्रज वाचतो ‘उशिरा का होईना, सोमवारी नक्की’. त्याने तसं काहीही कबूल केलेलं नाही. असाच एक सोमवार मी दुभाषी म्हणून सोसलाय, दोन्ही बाजू माझ्याकडे बघत होत्या.

राहिलं तुमचं स्वतःचं. या मंडळींना सोडायला तुम्हीही पहिला आठवडा जाणार आहात असं लिहिलंय. तिथे फोनवर आडनाव सांगायची वेळ येईल. इटालियन माणूस अक्षरं गावांच्या नावांनी सांगतो: आंकोनाचा ए, कोमोचा सी, दोमोदोस्सोलाचा डी, एम्पोलीचा ई, इमोलाचा आय, ओत्रान्तोचा ओ, सावोनाचा एस. ही यादी कागदावर जरूर छापा, बारा जणांना रोज लागेल. वर दिलेले नियम तुमच्या आडनावालाही लागू होतात हे लक्षात ठेवा. चव्हाण असाल तर सीएचमुळे तुम्ही ‘कावान’, चितळे असाल तर ‘किताले’, घाटे असाल तर ‘गाते’. जोशींचं ‘जे’ हे अक्षर ‘य’सारखं वाचलं जातं, तोरिनोचा फुटबॉल क्लब यूवेन्तुस तसा, फोनवर त्या अक्षराला ‘इ लुंगा’ म्हणायचं. एच म्हणजे ‘आक्का’, डब्ल्यू म्हणजे ‘दोप्प्या वू’. कुलकर्णी असाल तर सगळं सरळ आहे, पहिल्या अक्षराला ‘काप्पा’ म्हणा, फक्त दोन्ही ‘प’ ऐकू आले पाहिजेत.